मागणीची रेषा कोणी पाहिली आहे?

कनिष्ठ महाविद्यालयाच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीच्या नियमाच्या पाठाखाली एक कोष्टक हमखास असते. एका स्तंभात वस्तूची किंमत, दुसऱ्या स्तंभात त्या किमतीला होणारी मागणी. किंमत ठराविक टप्प्यांनी चढते, मागणी तितक्याच शिस्तीने उतरते. हे बिंदू आलेखकागदावर मांडून जोडले की डावीकडून उजवीकडे खाली येणारी एक सुबक रेषा तयार होते. शेजारच्या वर्गात भौतिकशास्त्राचे शिक्षक बॉइलच्या नियमाचा आलेख काढत असतात. तोही असाच उतरता असतो. परंतु त्यातील प्रत्येक बिंदूमागे काचेची नळी, पारा आणि मोजपट्टी असते. शंका आली तर विद्यार्थी प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा मोजू शकतो. मागणीच्या कोष्टकामागे काय असते? ते आकडे कोणत्या बाजारात, कोणी आणि कसे मोजले? पुस्तकात बहुधा प्रामाणिकपणे 'काल्पनिक कोष्टक' असे लिहिलेले असते, आणि विषय पुढे सरकतो.

आम्हां विज्ञानाच्या लोकांना ही जागा फार खटकते. ती खटकण्याचे आणखी एक कारण आहे. खरी मोजमापे घ्यायला गेले की बाजार आपल्याला रेषा दाखवतच नाही. तो एका वेळी एकच बिंदू दाखवतो. आज बाजारात माल किती विकला गेला आणि भाव काय होता, एवढेच कळते. आज भाव दुप्पट असता तर किती विकला गेला असता, हे कोणत्याही वहीत नोंदलेले नसते. मग ही रेषा आली कुठून? तिचा इतिहास सुमारे तीनशे वर्षांचा आहे, आणि त्यात अर्थशास्त्रज्ञांइतकीच इतर विद्याशाखांची माणसेही आहेत.

या विषयातले सर्वांत जुने प्रसिद्ध कोष्टक १६९९ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंट यांच्या पुस्तकात छापले गेले. त्यातील आकडे ग्रेगरी किंग (१६४८–१७१२) यांचे असावेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते. किंग हे सरदार घराण्यांच्या वंशावळी आणि ढालचिन्हे यांच्या नोंदी ठेवणाऱ्या राजदरबारच्या कचेरीत अधिकारी होते. लोकसंख्येचे आणि राष्ट्राच्या उत्पन्नाचे अंदाज बांधण्याचा त्यांना नाद होता. धान्याचे पीक नेहमीपेक्षा किती दशांशाने कमी आले म्हणजे भाव किती दशांशाने चढतो, असा तो तक्ता आहे:

पिकातील तूट (दशांश): १, २, ३, ४, ५
भावातील वाढ (दशांश): ३, ८, १६, २८, ४५

नेहमीचे पीक १०० पोती आणि नेहमीचा भाव पोत्याला १ रुपया असे सोयीसाठी धरू. पूर्ण पीक आले तर सगळ्या धान्याचे १०० रुपये होतात. एक दशांश तूट आली तर ९० पोती १.३० रुपयांनी जातात, म्हणजे ११७ रुपये. निम्मे पीक बुडाले तर ५० पोती ५.५० रुपयांनी, म्हणजे २७५ रुपये. पीक निम्मे आणि उत्पन्न पावणेतीनपट! भाकरीवाचून भागत नाही, म्हणून भाव चढला तरी माणसे खरेदी फारशी कमी करू शकत नाहीत. यालाच पुढे 'अलवचीक मागणी' हे नाव मिळाले.

येथे विद्यार्थी हटकून एक प्रश्न विचारतात, आणि तो विचारला गेला नाही तर शिक्षकांनी तो स्वतः काढावा. असे असेल तर शेतकरी मुद्दामच पीक कमी का घेत नाहीत? याचे उत्तर स्पर्धात्मक बाजाराच्या व्याख्येतच आहे. हजारो शेतकऱ्यांपैकी एकाने आपले शेत पडीक टाकले तर एकूण आवक जाणवण्याइतकी हलत नाही आणि भाव जागचा हलत नाही. त्या शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र शून्य होते. सबंध बाजाराची मागणीरेषा तीव्र उताराची असली तरी एकट्या विक्रेत्याला समोर दिसते ती आडवी रेषा. चालू भावाने हवा तेवढा माल विका, भावापेक्षा पैसाही जास्त मागू नका. दुष्काळात वाढलेले ते १७५ रुपये 'शेतकऱ्यांना' मिळत नाहीत. ज्यांच्याकडे धान्य शिल्लक राहिले त्यांना ते मिळतात. ज्याचे शेत करपले तो त्या वर्षी विकणारा नसतोच, तो साडेपाच रुपयांनी घेणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो. सरासरी आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

पण किंगचे आकडे मोजलेले आहेत का? फळ्यावर ०, ३, ८, १६, २८, ४५ असे लिहून शेजारच्या आकड्यांमधील फरक काढा: ३, ५, ८, १२, १७. पुन्हा फरक काढा: २, ३, ४, ५. तिसऱ्यांदा काढा: १, १, १. तिसरे फरक अगदी सारखे! प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे निरीक्षण आणून दाखवले तर आपण त्याच्याकडे रोखून पाहू. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनी १९१५ साली या गोष्टीकडे लक्ष वेधले. निसर्ग आणि बाजार मिळून इतके नीटनेटके आकडे देत नाहीत. हा तक्ता कोणा हुशार माणसाने अनुभवाच्या आधारे बसवलेला अंदाज असावा असे आम्हांला वाटते. तरीही जेव्हन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली त्याला सूत्र बसवून पाहिले होते. दुसरी आकडेवारीच नव्हती, हे त्याचे कारण.

रेषा म्हणून मागणी प्रथम कागदावर आणली ती फ्रेंच गणिती ऑंत्वान ऑगस्तँ कूर्नो (१८०१–१८७७) यांनी, १८३८ साली. मागणी हे किमतीचे फल आहे असे त्यांनी सरळ गणिती भाषेत लिहिले. त्यांचा एक विचार विज्ञानाच्या शिक्षकांना विशेष आवडेल. एकट्या माणसाची मागणी धक्क्याधक्क्याने बदलते. भाव थोडा चढला तर तो अर्धी टोपी कमी घेत नाही, घेतो किंवा घेत नाही. पण बाजार मोठा असेल, गरजा आणि ऐपती नाना प्रकारच्या असतील, तर या असंख्य लहान पायऱ्या एकमेकींत मिसळून जवळजवळ अखंड वक्र तयार होतो. वायूचा एकेक रेणू भिंतीवर आदळतो, आणि दाब मात्र अखंड भासतो, तसेच हे. कूर्नो यांचे पुस्तक कोणी विकत घेतले नाही. गणित पाहून अर्थशास्त्राचे वाचक पळाले आणि विषय पाहून गणिताचे.

कूर्नो यांनी किंमत क्ष अक्षावर आणि मागणी य अक्षावर घेतली होती. आपल्या पुस्तकांत हे उलट आहे, त्याचा दोष (किंवा श्रेय) केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल यांच्याकडे जातो. त्यांच्याकडे लवकरच येऊ. स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घ्यावे असे गणिताचे शिक्षक सांगतात, आणि अर्थशास्त्राच्या तासाला किंमत उभी असते. यात विद्यार्थ्यांचा गोंधळ झाला तर चूक त्यांची नाही.

कूर्नोनंतर सहा वर्षांनी, १८४४ साली, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या झ्यूल द्यूप्युई या फ्रेंच अभियंत्याने एक व्यावहारिक प्रश्न घेतला: ज्या पुलावर टोल घेतला जात नाही त्या पुलाचा उपयोग पैशांत कसा मोजायचा? जास्त टोल द्यायला तयार असलेला माणूस फुकट जातो तेव्हा त्याचा जो लाभ होतो तो मागणीच्या रेषेखालचे क्षेत्रफळ देते, हे त्यांचे उत्तर. पाठ्यपुस्तकांतील 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' पुढे याच वाटेने आले.

इंग्रजीत मागणी आणि पुरवठा या दोन्ही रेषा एकाच आकृतीत काढून त्यांच्या छेदबिंदूवर बाजारभाव ठरतो हे मांडणारे फ्लीमिंग जेंकिन (१८३३–१८८५) हेही अभियंतेच होते. समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकणे हा त्यांचा व्यवसाय, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन हे त्यांचे भागीदार, आणि एडिंबरोला ते अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. जीवशास्त्राच्या शिक्षकांना त्यांचे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असेल. १८६७ साली डार्विन यांच्या ग्रंथावर त्यांनी लिहिलेल्या परीक्षणातील आक्षेप डार्विनना फार बोचला होता. आई-वडिलांचे गुण रंगांसारखे मिसळत असतील तर एखादा नवा उपयुक्त गुण पिढ्यान्पिढ्या विरळ होत नाहीसा होईल, मग निवड कशाची होणार, असा तो आक्षेप. त्यांचा मागणी-पुरवठ्यावरील लेख १८७० चा. या दोन्ही रेषा जागच्या सरकू शकतात, लोकांच्या मनात बदल झाला की सबंध रेषाच हलते, हे त्यांनी स्पष्टपणे ओळखले होते.

मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात हे सर्व एकत्र आणले, आणि मागणीची 'लवचीकता' ही मोजण्याजोगी राशी प्रचारात आणली. ती कल्पना त्यांना १८८१-८२ च्या हिवाळ्यात सिसिली बेटावरील पालेर्मो येथे, राहत्या हॉटेलाच्या गच्चीवर सुचली असे त्यांच्या पत्नीने नोंदवून ठेवले आहे. भाव एक टक्क्याने चढला तर मागणी किती टक्क्यांनी उतरते, ही ती राशी. रुपये-पौंड, मण-क्विंटल यांच्याशी तिचा संबंध नाही, त्यामुळे मिठाची आणि मोत्यांची तुलना करता येते. राशीला नाव मिळाले, सूत्र मिळाले. मोजमाप अजून बाकीच होते.

ते हाती घेतले अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील हेन्री लडवेल मूर यांनी. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मका, गवत, ओट आणि बटाटा यांचे अनेक वर्षांचे उत्पादन आणि भाव घेऊन संख्याशास्त्राच्या नव्या पद्धतीने रेषा बसवल्या. चारही रेषा खाली उतरल्या. मग त्यांनी कच्च्या लोखंडाची आकडेवारी घेतली, आणि रेषा वर चढली! भाव वाढला की खप वाढतो, असे आकडे म्हणत होते. मूर डगमगले नाहीत. आपल्याला चढत्या मागणीचा नवाच प्रकार सापडला, असे त्यांनी जाहीर केले. (पुढे त्यांनी व्यापारातील तेजीमंदीच्या आठ वर्षांच्या चक्राचा संबंध शुक्र ग्रहाशी जोडला. धाडसी माणूस!)

काय झाले होते ते समजण्यासाठी एक छोटा हिशोब फळ्यावर करून पाहू. हे आकडे काल्पनिकच आहेत, पण येथे ते तसे असण्याला कारण आहे: खऱ्या रेषा आपणच ठरवल्या, की बाजाराचे आकडे त्या रेषा दाखवतात की लपवतात हे तपासता येते. भाव 'भ' आणि माल 'म' समजू. मागणी: म = १२० − २भ. पुरवठा: म = ४भ. दोन्ही जुळतात तेथे भाव २० आणि माल ८०. पुढच्या वर्षी पाऊस रुसला आणि पुरवठा म = २भ एवढाच राहिला; मागणी तीच. आता भाव ३० आणि माल ६०. हे दोन बिंदू जोडले तर आपल्याला मागणीची खरी रेषा मिळते.

आता उलट करू. पुरवठा ४भ असाच ठेवू, पण लोकांची मिळकत वाढली म्हणून मागणी म = १८० − २भ झाली. भाव ३०, माल १२०. पहिल्या वर्षाचा बिंदू (भाव २०, माल ८०) याला जोडला तर चढती रेषा मिळते. ती मागणीची नाहीच, ती पुरवठ्याची रेषा आहे. आणि दोन्ही एकदम बदलले तर? मागणी १८० − २भ, पुरवठा २भ. भाव ४५, माल ९०. पहिल्या बिंदूला जोडून येणारी रेषा ना मागणीची, ना पुरवठ्याची. ती कशाचीच नाही.

आता मूर यांची दोन्ही उत्तरे उलगडतात. बटाट्याचे पीक पावसावर हेलकावे खाते, खाणारी तोंडे मात्र वर्षावर्षाला फारशी बदलत नाहीत. म्हणून बिंदू मागणीच्या रेषेवरून घरंगळतात. लोखंडाच्या भट्ट्या त्याच असतात, पण तेजी आली की रेल्वे आणि इमारती उभ्या राहतात आणि मागणी उसळते. म्हणून बिंदू पुरवठ्याच्या रेषेवर चढतात. मूर यांनी पुरवठा मोजला होता आणि त्याला मागणी म्हटले होते. गणितात एकही चूक नव्हती.

हे ज्यांनी १९१५ सालीच एका परीक्षणात दाखवून दिले ते फिलिप ग्रीन राइट (१८६१–१९३४) फार प्रसिद्ध गृहस्थ नव्हते. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावच्या लोम्बार्ड कॉलेज या छोट्या संस्थेत त्यांनी वीस वर्षे गणित, खगोलशास्त्र, अर्थशास्त्र आणि निबंधलेखनही शिकवले. पुढे कवी म्हणून नावाजलेले कार्ल सँडबर्ग हे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या पहिल्या पुस्तिका राइट यांनी आपल्या घराच्या तळघरातील छापखान्यात छापल्या. लहान कॉलेजातील अष्टपैलू शिक्षक म्हणजे काय, याचा हा नमुनाच होता.

एल्मर वर्किंग यांनी १९२७ साली या अडचणीची आकृत्यांसह इतकी स्वच्छ मांडणी केली की तो लेख आजही वर्गात वाचायला द्यावा. पण तिच्यातून बाहेर पडण्याची वाट राइट यांनी काढली, १९२८ साली, प्राणिज आणि वनस्पतिज तेलांवरील आयातकराविषयीच्या पुस्तकात. प्रश्न रोकडा होता. बाहेरून येणाऱ्या जवसावर कर बसवला तर तो कोण भरेल, परदेशी शेतकरी की अमेरिकेतला रंग विकत घेणारा? (जवसाचे तेल रंगात जाते.) मागणी किती लवचीक आणि पुरवठा किती लवचीक, या दोन्ही राशी वेगवेगळ्या कळल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, आणि बाजार तर त्या दोन्ही मिसळूनच दाखवतो.

परिशिष्ट 'ब' मध्ये राइट यांनी सुचवले की एक तिसरी गोष्ट शोधा, जी पुरवठ्याला हलवते पण मागणीला स्पर्श करत नाही. एकरी उतारा ही अशी गोष्ट. शेतावर ऊन-पाऊस कसा पडला यावर तो ठरतो. शहरात घर रंगवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. उताऱ्यातल्या चढउतारामुळे भाव किती हलला आणि त्याच चढउतारामुळे खप किती हलला, एवढेच वेगळे काढा. त्यांचे गुणोत्तर मागणीची लवचीकता देते. आपल्या हिशोबात पाऊस रुसला ते वर्ष आठवा. पुरवठ्याची रेषा हवी असेल तर उलट, मागणीलाच हलवणारी गोष्ट शोधायची, जसा पर्यायी मालाचा भाव. आम्हांला ही युक्ती प्रयोगशाळेच्या फार जवळची वाटते. बाजारात आपण कळ दाबू शकत नाही, पण निसर्गाने कोणती कळ दाबली ते ओळखू शकतो.

फिलिप यांचे पुत्र स्यूअल राइट हे विसाव्या शतकातील मोठे आनुवंशिकीशास्त्रज्ञ. गिनीपिगांमधील गुणांचा वारसा तपासताना कारणे आणि परिणाम यांची साखळी उलगडण्याची 'पथगुणक' नावाची पद्धत त्यांनी बसवली होती, आणि त्या परिशिष्टातील एक सिद्धता त्याच पद्धतीची आहे. त्यामुळे परिशिष्ट वडिलांनी लिहिले की मुलाने, असा वाद बराच काळ होता. २००३ साली जेम्स स्टॉक आणि फ्रँचेस्को ट्रेबी यांनी दोघांच्या लेखनातील शब्दांच्या सवयी मोजून ते वडिलांचेच असल्याचा निष्कर्ष काढला. जेंकिन यांच्या आक्षेपाचा निकाल लागला तो मेंडेलच्या नियमांवर उभ्या राहिलेल्या ज्या लोकसंख्या-आनुवंशिकीत, तिच्या संस्थापकांपैकी एक हेच स्यूअल. मागणीच्या रेषेशी आनुवंशिकीची अशी दोनदा गाठ पडली.

ते परिशिष्ट कोणी वाचले नाही. १९४० च्या दशकात ही पद्धत इतरांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि नॉर्वेचे ओलाव्ह रायर्सोल यांनी तिला 'साधन-चल' असे नाव दिले. वैद्यक, शिक्षण, मजुरी अशा क्षेत्रांत, जेथे प्रयोग करता येत नाही तेथे, ती आज सर्रास वापरली जाते. २०२१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक डेव्हिड कार्ड यांच्यासोबत जोशुआ अँग्रिस्ट आणि खीडो इम्बेन्स यांना मिळाले ते निरीक्षणांतून कार्यकारणसंबंध काढण्याच्या पद्धतींवरील कामासाठी, आणि ही पद्धत त्या कामाच्या केंद्रस्थानी होती.

या दोघांनी कॅथरिन ग्रॅडी यांच्यासह २००० साली एका मासळीबाजाराचे आकडे याच रीतीने तपासले. ते आकडे ग्रॅडी यांनीच न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजारातील एका घाऊक विक्रेत्याकडून गोळा केले होते: व्हायटिंग नावाचा मासा, डिसेंबर १९९१ ते मे १९९२, बाजाराचे १११ दिवस. येथे राइट यांच्या एकरी उताऱ्याची जागा समुद्रावरच्या वादळाने घेतली. आधीच्या दिवसांत वारा आणि लाटा जोरात असतील तर बोटी कमी मासळी आणतात. शहरातल्या गिऱ्हाइकाची भूक मात्र लाटांवर अवलंबून नसते. (होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीचे काय होते हे कोकणातल्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागणार नाही.) सरळ भाव आणि खप यांची रेषा बसवली तर लवचीकता सुमारे अर्धा येते, वादळाने झालेला बदल तेवढा वेगळा काढला तर ती सुमारे एक येते. म्हणजे भाव एक टक्का चढला की खप जवळजवळ एक टक्का उतरतो.

अनेक विक्रेते, अनेक खरेदीदार, शेजारीशेजारी गाळे, सारखाच माल. स्पर्धात्मक बाजाराचे याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळाले नसते. पण भावाची पाटी कोठेच नव्हती, विक्रेता प्रत्येकाला वेगळा भाव हळूच सांगत असे. नोंदी तपासल्यावर ग्रॅडी यांना दिसले की त्याच मालासाठी आशियाई वंशाच्या खरेदीदारांना गोऱ्या खरेदीदारांपेक्षा कमी भाव पडत होता. १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी याचा उलगडा असा केला की आशियाई खरेदीदारांची मागणी अधिक लवचीक होती. भाव जरा चढवला की ते हात आखडता घेत. त्या बाजारात व्हायटिंगच्या मागणीच्या रेषा निदान दोन होत्या, आणि विक्रेते रोज पहाटे त्या दोन्ही ओळखून भाव सांगत होते.